कागदावर मी बाथरूममध्ये पडले

मी पडले ती रस्त्यावरच्या मोरीजवळच्या खड्ड्यात. शेजारच्या वहिनी पडल्या त्याही त्याच खड्ड्यात, माझ्यानंतर महिनाभराने. माझं मनगट मोडलं, त्यांचा खांदा. पण दवाखान्याच्या कागदावर त्या रस्त्यावर पडल्या आणि मी घरच्या बाथरूममध्ये. या एवढ्या फरकावरून मी त्यांच्यावर वर्षभर जळत होते. अजूनही थोडी जळते, खोटं कशाला बोलू.

आम्ही सिल्वासात राहतो, किलवणीच्या बाजूला, आत वळलेल्या एका रस्त्यावरच्या चाळीत. पत्र्याच्या दहा खोल्या, पुढे सगळ्यांचा मिळून एक ओटा. माणसं बहुतेक धुळे-नंदुरबारकडची आणि सगळी कारखान्यांत. माझे वडील साक्रीकडून इथे धाग्याच्या कारखान्यात बॉबिनच्या पेट्या उचलायला आले. त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं, आईला तेवढंही नाही. मी बी.कॉम. झाले, पहिल्या फटक्यात, एकही विषय न ठेवता. घराण्यात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कोणी आतून पाहिलेलं नाही. आता मी गलोंड्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, आणि माझ्या सहीशिवाय गेटमधून गाडी बाहेर पडत नाही. चाळीत मला मॅडम म्हणतात. काही जण मानाने म्हणतात, काही जण टोमणा म्हणून. मला दोन्ही चालतं.

चाळीतून मुख्य रस्त्याला लागताना एक मोरी आहे, रस्त्याखालून नाला जातो ती. तिच्या तोंडाशी तो खड्डा होता. कारखान्यांचे ट्रक त्या आतल्या रस्त्याने यायला लागले तसा तो रुंद होत गेला. उन्हाळ्यात तो दिसायचा तरी. पावसात पाणी काठोकाठ भरलं की रस्ता आणि खड्डा एकाच पातळीत यायचे आणि नवख्या माणसाला काहीच कळायचं नाही. कोणी तरी त्यात झाडाची फांदी खोचायचं, आणि पुढचा ट्रक तिचा चुरा करून जायचा.

मी अर्ज करायचं ठरवलं. आधी रस्ता कोणाचा हेच कळेना. एका कार्यालयात गेले तर म्हणाले, तो आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, पहिल्यांकडेच आहे. अर्ध्या दिवसाच्या तीन रजा गेल्यावर एका शिपायाने नकाशावर बोट ठेवून दाखवलं, की मोरीच्या अलीकडचा तुकडा कुणाचा. मग मी इंग्रजीत अर्ज लिहिला. जागा, लांबी-रुंदी, शाळेची मुलं जातात, दुचाकी घसरतात, सगळं मुद्देसूद. टेबलावरच्या कारकुनाने न वाचताच बाजूला ठेवला.

“बेन, अरजी मूकी जाव. साहेब जोई लेशे.” अर्ज ठेवून जा, साहेब बघतील म्हणे.

“माझ्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का मारून द्या. तोपर्यंत मी इथेच बसते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारला, नंबर टाकला. तो कागद मी माझ्या मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवला. आमच्या चाळीतल्या कुणाच्या अर्जावर असा शिक्का पडला नव्हता. आमची माणसं अर्ज करत नाहीत, ओळखीचा माणूस शोधतात.

पंधरा दिवस गेले, काही झालं नाही. ओट्यावर माझी थट्टा सुरू झाली. पलीकडच्या खोलीतले म्हातारे काका रोज विचारायचे, “मॅडम, खड्ड्याचं उत्तर आलं का? त्याला इंग्रजी येत नसेल हो, मराठीत लिहून बघा.”

आणि मग मीच पडले. खड्डा मला तोंडपाठ होता, तरी पडले. समोरून टेम्पो अंगावर आला, मी माझी स्कूटर डावीकडे घेतली, पुढचं चाक पाण्यात गेलं आणि मी उजव्या हातावर. उठले, गाडी उभी केली, आजूबाजूला कोणी पाहिलं का ते आधी पाहिलं. कोणी नव्हतं. मला बरं वाटलं. एका हाताने गाडी ढकलत घरी आले.

नवरा दवाखान्यात घेऊन गेला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “कसं लागलं?” आणि आम्ही तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाल्या, “रस्त्यावर असेल तर पोलिसांना कळवावं लागेल हां.”

हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. रस्त्यावर म्हटलं की पोलीस, जबाब, गाडी ठाण्यात, लायसन दाखवा, उद्या या, परवा या. माझं लायसन कच्चं होतं आणि त्याची मुदतही संपून गेली होती. नवरा काही बोलणार तेवढ्यात मीच म्हणाले, “बाथरूममध्ये घसरले.” बाईंनी मान हलवून लिहून घेतलं. त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं की त्यांना कळलंय. पावसाळ्यात आमच्याकडच्या दवाखान्यांचे कागद काढून बघा, निम्मं सिल्वासा बाथरूममध्ये पडलेलं सापडेल.

परतताना मी नवऱ्याला म्हणाले, “पाहिलंत ना, कसं वेळेवर सुचलं.”

तो म्हणाला, “शिकलेली बायको आहे, सुचणारच.” तेव्हा त्यात टोमणा नव्हता. पुढे हेच वाक्य त्याने बऱ्याचदा ऐकवलं, आणि तेव्हा होता.

महिन्याभराने वहिनी पडल्या. वहिनी म्हणजे आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहतात त्या. शिक्षण चौथी. शहाद्याकडच्या. गलोंड्यालाच दुसऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला होत्या, उभ्याने आठ तास, डब्यांवर झाकणं लावून खोकी रचायची. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून येत होत्या, गाडी त्याच खड्ड्यात आपटली आणि त्या खांद्यावर पडल्या. माझ्यासारखं त्यांना उठता आलं नाही. लोक जमले, कोणी तरी ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, त्यांनी सांगितलं, “खड्ड्यात पडले.” दवाखान्यात विचारलं, तिथेही तेच. पोलीस आला, त्यालाही तेच. पुढे मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला बाथरूम सांगावंसं वाटलं नाही? त्या म्हणाल्या, “मॅडम, माझ्या घरात बाथरूम कुठे आहे? मोरी आहे पडद्यामागे. तिथं पडायला जागाच नाही.”

खांद्यात सळई बसवली, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना, बोटांतही जोर राहिला नाही. खोकी वरच्या थरावर रचता येत नाहीत म्हटल्यावर ठेकेदाराने दुसरी बाई घेतली.

मी भेटायला गेले, बिस्किटाचा पुडा घेऊन. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. ते वाईट वाटणं फार तर आठवडाभर टिकलं.

कारण मग एक बातमीदार आला. गुजराती पेपरचा. त्याने वहिनींना गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत खड्ड्यापाशी उभं केलं आणि फोटो काढला. फोटो छापून आला. चाळीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. गुजराती वाचता येणारी मी एकटी, म्हणून बातमी वाचून दाखवायलाही मलाच बोलावलं. मी ओट्यावर उभी राहून वाचली. ‘अनेक महिन्यांपासून स्थानिक लोकांची फरियाद’ असं त्यात होतं. स्थानिक लोक म्हणजे मी होते. फरियाद माझी होती. माझं नाव कुठेच नव्हतं.

चार दिवसांनी खडीचा डंपर आला, रोलर आला, डांबर पडलं. काका म्हणाले, “वहिनीचा हात लागला आणि रस्ता झाला.” सगळे हसले. मी आत जाऊन भाकरी थापायला घेतली. माझं मनगट अजून दुखायचं, पीठ मळताना जास्त. माझ्या तीन रजा, माझं इंग्रजी, माझा शिक्का, आणि ह्या बाईने नुसतं पडून रस्ता करून घेतला. असंच वाटलं मला, शब्दाशब्दाने.

पुढे कळलं की कोर्टात मोफत मदत करणाऱ्या एका वकील बाई वहिनींची केस घेणार आहेत. ज्यांच्या ताब्यात रस्ता त्यांनी तो नीट ठेवायचा, नाही ठेवला आणि माणूस जायबंदी झाला तर भरपाई मागता येते. हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मीही माझी फाइल घेऊन त्या वकील बाईंकडे गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी दवाखान्याचा कागद पाहिला.

“इथे घरी बाथरूममध्ये असं लिहिलंय.”

“ते तसं सांगावं लागतं ना, मॅडम. सगळेच सांगतात.”

“सगळे सांगतात, म्हणून सगळ्यांचं असंच होतं. ग्रॅज्युएट आहात ना तुम्ही?”

फाइलच्या वरच माझं पदवीचं सर्टिफिकेट होतं, म्हणून त्यांनी विचारलं असेल. मी हो म्हणाले. असं हो म्हणताना मान खाली जायची ती माझी पहिली वेळ. फाइल मिटली आणि बाहेर आले. शिक्क्याचा कागद आतच होता, तो दाखवायचंही भान राहिलं नाही.

वकील बाईंनी वहिनींतर्फे कार्यालयाला पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आलं ते इंग्रजीत. मूळ कागद वकील बाईंकडे, झेरॉक्स वहिनींकडे. ती घेऊन त्या माझ्या दारात आल्या. बरोबर त्यांची मुलगी होती. त्याच वर्षी बारावी पास झालेली, चांगल्या मार्कांनी; आईच्या पडण्यात कॉलेजचा प्रवेश राहून गेला होता.

“वाचून सांगा ना मॅडम. पोरीला थोडं कळलं, पण नीट नाही सांगता आलं तिला.”

मी वाचलं. मुद्दा तिसरा असा होता, की सदर जागी खड्डा असल्याची कोणतीही तक्रार या कार्यालयाकडे आलेली नाही, खड्डा त्या आठवड्यातल्या पावसाने पडला असावा, कळताच तातडीने दुरुस्ती केली.

“म्हणजे?” वहिनी म्हणाल्या.

“म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं म्हणतात. माहीत असूनही दुरुस्त केला नाही, असं दाखवता आलं तर त्यांना हात झटकता येणार नाहीत. नाहीतर अवघड आहे.”

मी हे अगदी बरोबर समजावून सांगितलं. माझा शिक्क्याचा कागद कपाटात होता, आम्ही बसलो होतो तिथून चार हातांवर. मी उठले नाही.

मुलीने विचारलं, “मग आता काय?”

वहिनी तिला म्हणाल्या, “आता काय, तुला सांगितलंय ना. ठेकेदार तयार आहे. पुढच्या सोमवारपासून जायचं.”

मग मला कळलं. आईच्या जागी मुलीला पॅकिंगला घ्यायला ठेकेदार तयार होता. भरपाईचं काही होण्यासारखं दिसलं तर मुलगी कॉलेजला, नाही तर सोमवारपासून झाकणं लावायला. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. त्या गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “तुझा तो शिक्क्याचा कागद दिलास का त्यांना?”

“सापडत नाही.”

“तुझा कागद आणि सापडत नाही? तुझ्या बालवाडीचं बक्षीस सापडतं.”

मी ताट वाढायला घेतलं. तो जेवून बाहेर जाऊन बसला.

मला नेमकं काय होत होतं ते सांगते. माझा कागद त्यांना दिला की माझी सगळी मेहनत त्यांच्या केसमध्ये जाणार. मी शहाणपणा केला म्हणून मला काही मिळणार नाही, आणि त्यांना शहाणपणा करता आला नाही म्हणून सगळं मिळणार. आणि ती मुलगी. मला कॉलेजला जाताना आई-बापाशी भांडावं लागलं होतं. वडिलांनी फॉर्मवर सही केली ती दोन दिवस न बोलता, पेन माझ्याकडे फेकून. हिची आई मात्र मोडक्या खांद्याने वकिलाच्या पायऱ्या चढत होती, पोरीचं कॉलेज व्हावं म्हणून. मी आईवर जळत होते की मुलीवर, मला नीट सांगता येत नाही. बहुतेक दोघींवर.

शनिवारी नळावर वहिनी भेटल्या. डाव्या हाताने हंडा भरत होत्या. मी म्हणाले, “द्या, मी उचलते.”

“राहू द्या, तुमचं मनगट दुखतं.” आणि मग हंड्याकडेच बघत म्हणाल्या, “तुमच्याकडं कागद आहे, मला माहीत आहे मॅडम. सगळ्या चाळीला माहीत आहे.”

“मग मागितला का नाहीत?”

“मागितला आणि तुम्ही नाही म्हणालात तर आपलं बोलणं बंद होईल. दोन खोल्या सोडून राहायचं आहे. म्हणून नाही मागितला.”

रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी हंडा उचलला, त्यांच्या दारात ठेवला, घरी आले आणि फाइल काढली. पण कागद त्यांच्या हातात दिला नाही. सोमवारी रजा टाकली आणि स्वतः वकील बाईंकडे घेऊन गेले. कारण एवढंच, की कागद माझा आहे हे माझ्या तोंडून सांगायचं होतं.

वकील बाईंनी शिक्का पाहिला, नंबर पाहिला, तारीख पाहिली. “हे मागच्या वेळी का नाही दाखवलंत?”

“मागच्या वेळी मी माझ्यासाठी आले होते.”

त्यांनी मान वर करून पाहिलं. “साक्ष द्याल?”

“देईन.”

“तुम्ही स्वतः पडलात ते आपणहून बोलू नका. विचारलं तर मात्र खरं सांगा.”

बाहेर आल्यावर मी वहिनींना फोन केला. मुलीला ठेकेदाराकडे पाठवू नका म्हणाले. त्या म्हणाल्या, “ती गेलीच नाही आज. पोट दुखतं म्हणून झोपून आहे.” पोट दुखत नव्हतं हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

सुनावणी लगेच झाली नाही, दोन तारखा फुकट गेल्या. तिसऱ्या तारखेला मला उभं केलं. मी अर्ज कधी दिला, कुणाकडे दिला, शिक्का कसा घेतला, सगळं सांगितलं. कार्यालयाच्या वकिलांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग मला म्हणाले, “तुम्ही त्या रस्त्याने रोज जाता. खड्डा इतका धोक्याचा होता, तर तुम्हाला कसं काही झालं नाही?”

काही झालं नाही म्हणाले असते तर प्रश्न तिथेच संपला असता. दवाखान्याचा कागद माझ्या बाजूने होता, बाथरूमच म्हणत होता. वहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या, मुलगी शेजारी.

“मी पडले होते,” मी म्हणाले. “मनगट मोडलं.”

“उपचाराचा कागद आहे?”

“आहे. त्यात बाथरूममध्ये पडले असं आहे. मी तसं सांगितलं होतं.”

“म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत.”

“हो. पोलिसांच्या भीतीने.”

कोणी तरी हसलं. टेबलावर लिहिणारा कारकूनही हसला, पण खाली बघून. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी वकिलांना विचारलं, “बाईंचं बाथरूम बाजूला ठेवा. शिक्का तुमच्या कार्यालयाचा आहे की नाही, तेवढं सांगा.” वकिलांनी नोंदवही पाहून सांगतो म्हटलं. पुढच्या तारखेला नोंदवही आली आणि तिच्यात माझा नंबर होता. त्यानंतर कार्यालय तडजोडीला तयार झालं.

किती मिळाले ते वहिनींचं वहिनींपाशी. मला त्यांनी सांगितलं होतं, आणि ऐकून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. आदेशाच्या कागदावर मात्र माझा उल्लेख आहे. ‘एका रहिवाशाचा पूर्वीचा अर्ज’ असा. मी तो तीनदा शोधून वाचला. नाव नाही. चाळीत पेढे वाटले ते वहिनींनी. काकांनी पेढा तोंडात टाकून मला म्हटलं, “मॅडम, तुम्ही पण रस्त्यातच पडायला पाहिजे होतं.”

“रस्त्यातच पडले होते, काका.”

“हो, पण नीट नाही पडलात.”

मला हसू आलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला, आणि मग मला राग आला म्हणून माझ्या मनगटाला तेल लावून दिलं.

पुढच्या जूनमध्ये वहिनी आल्या, हातात कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म. सायन्स घेतलं होतं मुलीने. मला सायन्स घ्यायचं होतं तेव्हा प्रॅक्टिकलला उशीर होतो म्हणून वडील नाही म्हणाले होते आणि मी कॉमर्सला गेले. मुलगी बाहेर ओट्यावर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होती. चाळीत पदवी घेतलेली मी एकटी, हे आता फार तर तीन वर्षं.

“एकदा बघून घ्या मॅडम,” वहिनी म्हणाल्या. “काही चुकलं असेल तर उद्या भरायच्या आधी नीट करू.”

मी चष्मा लावला आणि फॉर्म वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. एखादी चूक सापडावी असं मला फार वाटत होतं. नाव, जन्मतारीख, विषय, मार्क, पालकाच्या सहीच्या जागी वहिनींची डाव्या हाताने केलेली वाकडी सही. चूक नव्हती. मी त्यांना तसं सांगितलं.